जखमेवर साखरेचं औषध

आमच्या घरात शिलाई मशीनची सुई तुटली की ज्यानं त्यानं आहे तिथंच उभं राहायचं, असा नियम होता. सासूबाई मशीनवरून उठायच्या, सुतळीला बांधलेलं लोहचुंबक हातात घ्यायच्या आणि तुटलेला तुकडा सापडेपर्यंत लाल सिमेंटची अख्खी खोली पालथी घालायच्या. तुकडा काडेपेटीत पडला की मगच आम्हाला पाय उचलायची परवानगी मिळायची. कुणाच्या पायात जायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत एक तुकडा काही केल्या सापडला नाही. दोन दिवस चुंबक फिरत होतं. मशीनखाली, कपाटामागे, देवघरासमोर, कुठं कुठं म्हणून पाहिलं नाही! शेवटी 'केरात गेला असेल' म्हणून त्यांनी नाद सोडला. तो तुकडा त्यांच्याच उजव्या तळपायात होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

सासूबाईंना मी अम्मा म्हणायचे. तंजावूरच्या राजवाड्याशेजारच्या गल्लीत आमचं घर होतं. गल्लीतली निम्मी घरं आमच्यासारखीच मराठी बोलणारी, निम्मी तमिळ. अम्मांना बारा वर्षांची जुनी साखर, म्हणजे मधुमेह होता. साखरेनं त्यांच्या पायांची जाणीव कधी काढून नेली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सासरे लवकर गेले. त्यानंतर अम्मांनी ब्लाउज शिवून मुलगा वाढवला, शिकवला आणि ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरीला लावला. तो मुलगा म्हणजे माझे यजमान. मी पापनाशमच्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि रोज सकाळची बस गाठायचे.

अम्मांचं आणि माझं भांडण नव्हतं, पण फारसं सख्यही नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि मला ब्लाउजला धड हूक लावता येत नाही हे त्या आठ वर्षांत गल्लीतल्या एकाही बाईला सांगायचं राहिलं नव्हतं. "पोरांस शास्त्र शिकवते, आणि हूक लावायचं कळत नाही," असं म्हणून त्या गिऱ्हाइकांना हसवायच्या. मी जात्याच तापट. तिथल्या तिथं काही बोलायचे नाही, पण स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे.

जखम सापडली ती मुंग्यांमुळं. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका सकाळी मशीनपासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर ओलसर ठिपके दिसले, हातभर अंतरावर एकेक. लोणच्याचा खार सांडला असेल असं समजून मी फडकं आणायला वळले, तर त्या ठिपक्यांना मुंग्या लागलेल्या. गोडाशिवाय मुंग्या येत नाहीत, हे शास्त्राच्या बाईला सांगायला लागत नाही. मी अम्मांना खाली बसवलं आणि त्यांचा उजवा पाय उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी एक भोक होतं, त्याच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि वास येत होता.

"मज काही दुखत नाही गे," अम्मा म्हणाल्या. "तुज बस चुकेल."

दुखत नाही याचीच मला भीती वाटली. बस चुकली ती चुकलीच.

सरकारी दवाखान्यातले शस्त्रक्रियेचे डॉक्टर निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चिमट्यानं सुईचा तुकडा काढला, अम्मांच्या हातावर ठेवला आणि मेलेलं मांस कापायला लागले. अम्मा शांतपणे वर पंख्याकडं पाहत होत्या. माझे यजमान रक्त बघू शकत नाहीत. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभे होते, आणि तिथल्या सगळ्या सुट्ट्या त्यांना त्या दिवशी पाठ झाल्या असतील. जखम साफ झाली तेव्हा तिथं माझी अर्धी मूठ बसेल एवढा खड्डा होता. अम्मांना चार दिवस ठेवून घेतलं, गोळ्या बंद करून इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू केली. पण पंधरा दिवस ड्रेसिंग करूनही तो खड्डा ढिम्म हलला नाही.

"दोन बोटं आणि पुढचा पाय काढावा लागेल असं दिसतंय," डॉक्टर मला बाजूला घेऊन तमिळमध्ये म्हणाले. "नाहीतर घोट्यापर्यंत जाईल."

अम्मांचं मशीन पायानं चालतं, हे मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. मशीनची दया येऊन कुणी पाय वाचवतो का? पण ते म्हणाले, "एक करून बघायचं का? इंजेक्शनाचं इन्शुलिन आहे ना, तेच जखमेवर घालायचं. मी काही जणांना गुण आलेला पाहिलाय, काहींना नाही आलेला. पुस्तकात शोधायला जाऊ नका आणि मला वचन मागू नका. तीन आठवडे देतो. जखमेची कड आत सरकायला लागली तर ठीक."

सलाइनमध्ये किती घालायचं, ते थेंब कसे सोडायचे, ते वाळेपर्यंत कसं थांबायचं आणि मग कापड कसं ठेवायचं, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. साखर एकदम उतरली तर घाम फुटेल, तेव्हा वाटीत साखर जवळ ठेवा, हेही बजावलं. नर्सवर सोपवून ते निघून गेले असते तरी चाललं असतं, पण ते खाली वाकून शिकवत राहिले. आजही कुणी डॉक्टरांना नावं ठेवायला लागलं की मला त्यांची वाकलेली पाठ आठवते.

अम्मांना हे काही पटलं नाही. "साखरेचं औषध पुण्णावर?" जखमेला त्या तमिळसारखं पुण्णच म्हणायच्या. "पुण्णास साखर झाली की काय? डोळ्याचं औषध कुणी कानात घालतं?"

"तुमच्या पायाला मुंग्या लागल्या होत्या अम्मा," मी म्हटलं. "आता पायालाच ठरवू दे."

"सेरी," त्या म्हणाल्या. सेरी म्हणजे बरं. पण अम्मांचं सेरी म्हणजे 'बघते तुला' असंही असायचं.

इन्शुलिन थंड ठेवायचं, आणि आमच्याकडं फ्रीज नव्हता. गल्लीत नवी केबल आली होती, घराघरांतून रंगीत टीव्ही वाजायला लागले होते, पण फ्रीज एकट्या समोरच्या तमिळ मामींकडंच होता, तोही नुकताच घेतलेला. त्या फ्रीजला त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी बाटली घेऊन दारात उभी राहिले, तर त्यांनी काही न विचारता दाराच्या कप्प्यातली मोगऱ्याच्या गजऱ्यांची पुडी सरकवली आणि जागा करून दिली. पहाटे साडेपाचला मी कडी वाजवायचे. त्या झोपेतून उठून, केस बांधत, बाटली हातात द्यायच्या. एकदाही त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. त्या बाटलीला शेवटपर्यंत मोगऱ्याचा वास यायचा.

मग आमची पाळी. मी पाटावर बसायचे, अम्मा खुर्चीत, आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतलेला. आधी परीक्षानळीत निळं द्रावण उकळून लघवीतली साखर बघायची. रंग निळा राहिला तर दिवस चांगला, विटेसारखा झाला तर दोघींचं बोलणं बंद. मग जखम धुवायची, थेंब एकेक करून सोडायचे आणि वाळायची वाट बघायची. एवढा वेळ सासूचा पाय मांडीवर घेऊन गप्प तरी किती बसणार? आठ वर्षांत आम्ही बोललो नव्हतो तेवढं त्या थेंबांच्या निमित्तानं बोललो. सासरे गेले त्या वर्षी त्यांनी पहिला ब्लाउज शिवला तो उलटा झाला होता, बाह्या पाठीकडं लागल्या होत्या, हे मला तिथं कळलं. "कुणास सांगिटलं नाही हो मी," असं म्हणून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

डॉक्टरांनी जखमेचा आकार दर आठवड्याला उतरवून आणायला सांगितलं होतं. मी पारदर्शक प्लॅस्टिक वर धरून पेनानं कड काढायचे आणि कागदावर गिरवायचे. पहिला कागद मी वहीत ठेवत होते, तेवढ्यात अम्मांनी तो ओढून घेतला, गळ्यातल्या टेपनं मोजला आणि भिंतीवर ब्लाउज बेतायच्या कागदी नमुन्यांशेजारी टाचणीनं लावला.

"माप माझं," त्या म्हणाल्या. "माप घेणं तुज कळत नाही."

दुसऱ्या आठवड्याचा कागद पहिल्यावर ठेवून त्यांनी उजेडात धरला. मला तर दोन्ही सारखेच वाटत होते. त्यांनी डावीकडच्या कडेवर नख ठेवलं. "इथं दोराभर आत आलं आहे. पाहा."

तिसऱ्या आठवड्याला मलाही दिसलं. कड सगळीकडून आत सरकली होती आणि खड्ड्याच्या तळाला लाल, दाणेदार मांस भरत होतं. डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला आणि फक्त म्हणाले, "चालू ठेवा." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडलेही. ते ओशाळून पुढच्या पेशंटकडं वळले.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि गाडं तिथं अडलं. मऊ रबराच्या चपला करून दिल्या होत्या आणि त्या घरातही घालायच्या होत्या. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत मशीनला पाय लावायचा नाही.

आमच्या घरात चपला उंबऱ्याबाहेर राहतात. त्यातून मशीन तर अम्मांची लक्ष्मी. रोज सकाळी मशीन चालवायच्या पायपट्टीला हात लावून तो डोळ्यांना लावल्याशिवाय त्या बसायच्या नाहीत. उभा जन्म त्यांनी ते मशीन अनवाणी चालवलं होतं आणि त्यापायीच सुई पायात गेली होती. समोर बसवून समजावल्यावर त्या खोलीपुरत्या चपला घालायला तयार झाल्या. स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या दारात काढायच्या, तिथं मी चटई अंथरायची, असा तह झाला. मशीन मात्र बंद.

आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ, निभावला, कारण आडीत इकडं लग्नं नसतात. मग आवणी, म्हणजे श्रावण लागला आणि लग्नसराई सुरू झाली. गल्लीच्या टोकाच्या एका घरातल्या मुलीचे सहा ब्लाउज अम्मांकडं होते. ती मुलगी पाळण्यात असल्यापासून तिची झबली अम्मांनीच शिवलेली. "मी परत देते कापडं," असं अम्मा मला म्हणाल्या, आणि मी खुळ्यासारखा विश्वास ठेवला.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर दारातच मशीनचा आवाज ऐकू आला. चपला उंबऱ्यापाशी जोडीनं नीट ठेवलेल्या. आत अम्मा, अनवाणी, पाय खालीवर करत बसलेल्या, आणि पायपट्टीच्या लोखंडी जाळीवर रक्त. किती दिवस हे चाललं होतं, मी गेल्यावर त्या रोज बसत होत्या की काय, देव जाणे. जखमेवरची पट्टी सोडली तर भरत आलेलं मांस फाटलं होतं.

मी तेव्हा जे बोलले ते लिहायला आजही लाज वाटते. पण लिहिते. "कापून टाकू दे एकदाचा," मी ओरडले. "म्हणजे तुम्हीही सुटाल आणि मीही सुटेन. पहाटे उठून दुसऱ्याच्या दारात उभं राहायची माझी हौस नाही!"

 हातातला ब्लाउज अम्मांनी घडी करून मशीनवर ठेवला. मग म्हणाल्या, "चपला घालून मशीनीवर पाय ठेवूं मी? जिनं तुझ्या नवऱ्यास जेवूं घातलं तीस?"

मी भांडी आपटायला स्वयंपाकघरात गेले, पण एकही भांडं आपटलं नाही. तिथंच बसून रडले. मला राग त्यांचा नव्हताच. तो पाय दीड महिना माझ्या मांडीवर होता, त्याची कड मी दोऱ्यादोऱ्यानं आत आणली होती, आणि आता तो जातो की काय, या भीतीनं मी ओरडले होते.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि तेही चिडले. "आणखी पंधरा दिवस देतो. पुन्हा उघडली तर माझ्याकडं दुसरा उपाय नाही."  घरी आल्यावर अम्मा म्हणाल्या, "त्या पोरीचं लग्न दहा दिवसांवर आहे."

मी शाळेची पिशवी ठेवली, मशीनसमोरचं स्टूल काढून तिथं स्वयंपाकघरातला बाक ओढला आणि डावीकडं बसले. पायपट्टीला हात लावला, डोळ्यांना लावला आणि माझा उजवा पाय वर ठेवला. "हात तुमचे, पाय माझा," मी म्हटलं. "बसा."

"तुज येत नाही."

"शिकवा मग. हूक नाही आला, पाय तरी येईल."

त्या चपला घातलेले पाय लांब करून माझ्या उजवीकडं बसल्या. पहिल्या संध्याकाळी मी चाक उलटं फिरवलं आणि दोरा सतरा वेळा तोडला असेल. त्या 'हळू' म्हणायच्या तेव्हा मी पळत असायचे, आणि 'पळ' म्हणायच्या तेव्हा थांबलेली. यजमान कचेरीतून आले, दारातून बघत राहिले आणि "बैलजोडी छान दिसते" असं म्हणून चहा करायला पळाले. तिसऱ्या दिवशी त्यांना तोंडानं सांगावं लागेना. त्यांच्या कोपराचा हलका धक्का लागला की मी थांबायचे. सकाळी थेंब, संध्याकाळी बाक. सहाच्या सहा ब्लाउज झाले. लग्नात ती मुलगी वाकून नमस्कार करायला आली तेव्हा अम्मा खुर्चीत बसल्या होत्या, पायांत चपला होत्या आणि त्या कुणापासून लपवलेल्या नव्हत्या.

भिंतीवरचे कागद लहान होत गेले. आधी तुळशीच्या पानाएवढा, मग चिंचोक्याएवढा, मग मुगाएवढा. नवरात्राच्या दोन दिवस आधी मी प्लॅस्टिक धरलं तर काढायला कडच नव्हती. नवी गुलाबी कातडी होती. डॉक्टरांनी अंगठा फिरवून पाहिला आणि पहिल्यांदाच हसले. "चपला मात्र जन्मभर," ते म्हणाले. अम्मा म्हणाल्या, "सेरी." त्या दिवशीचं सेरी खरं होतं.

नक्की कशानं पाय वाचला, हे मला सांगता येणार नाही. जखमेवरच्या थेंबांनी, की पोटात टोचलेल्या इन्शुलिननं, की चपलांनी, की पायाला मिळालेल्या विश्रांतीनं. मी शास्त्र शिकवते, आणि एका पायावरून नियम बांधू नये हे वर्गात सांगते. पण त्या मोगऱ्याच्या वासाच्या बाटलीबद्दल मला जे वाटतं ते वाटतंच. तिनं आम्हाला रोज सकाळी एकमेकींसमोर बसवलं.

खंडेनवमी आली. शेजारी तिला आयुधपूजा म्हणतात. ज्याचं ज्यावर पोट, त्यानं त्या दिवशी ती वस्तू पुजायची आणि तिला विसावा द्यायचा. दर वर्षीसारखं अम्मांनी मशीन पुसलं, त्यावर गंधाची बोटं ओढली, कुंकू लावलं. कात्री, टेप, इस्त्री, काडेपेटीतल्या तुटक्या सुया, सगळ्यांना कुंकू लागलं. मग त्यांनी पायांतून त्या रबराच्या चपला काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि मशीनच्या पायपट्टीवर ठेवून त्यांनाही गंध लावलं. मी बघतच राहिले. इन्शुलिनची रिकामी बाटलीही त्यांनी कुठून तरी काढली होती. तिला एक ठिपका लागला.

मला वाटलं झालं, आणि मी आरती पेटवायला वळले.

"थांब गे," अम्मा म्हणाल्या. त्या चटईवर माझ्यासमोर खाली बसल्या होत्या. "पाय पुढं कर. उजवा."

मी घाबरून मागं सरकले. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा? "अम्मा, नको, हे बरं नाही दिसत," मी म्हटलं.

"बरं न दिसायास काय झालं? माझा पाय तीन महिने मांडीवर घेतलीस, तेव्हां मी काही म्हणिटलं?" त्यांनी माझा घोटा धरला. गंधानं भरलेली तीन बोटं माझ्या पावलावर ओढली आणि मधोमध कुंकू टेकवलं. मग मशीनला लावतात तसा हात आधी माझ्या पायाला लावून डोळ्यांना लावला.

"आयुध आहे हे," त्या म्हणाल्या. "आज याला काम सांगूं नये."